पंचवीस नंबर

आज पडघ्यातल्या आमच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस होता. मी तिथली ताई. म्हणजे मुलांना खेळवायचं, भांडणं सोडवायची आणि दिवसातून दहा वेळा त्यांना मोजायचं.

रोज संध्याकाळी काल्हेरला परतताना बसमध्ये प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. मुलं चोवीस. शेवटी मी ‘पंचवीस’ म्हटल्याशिवाय ड्रायव्हरकाका गाडी काढत नाहीत.

आज मला सामान आवरायला मागे थांबायचं होतं, म्हणून मी खालीच उभी होते. चोवीसपर्यंत आकडे झाले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चोवीस नंबरवाली इरा खिडकीतून ओरडली, “ताई, बोल ना!”

“अगं, मी आज येत नाहीये.”

“मग एक जण कमी आहे! काका, गाडी नका काढू!”

काका हसले आणि त्यांनी गाडी काढली.

मघाशी नारपोलीत माझ्या खोलीचं कुलूप उघडलं. शेजारच्या लूमच्या कारखान्याची खडखड चालूच होती. चपला काढल्या आणि तोंडातून आपसूक निघालं, “पंचवीस.”

हसू नका. चांगलं मोठ्याने निघालं. पण ऐकायला घरात कुणी नव्हतं.

इथे माझ्यासारखं एकटं राहणारं कोण कोण आहे? घरी पोहोचलात की खाली आपला नंबर टाका. आज कुणी सुटायला नको, मी जागी आहे, मोजते.

माझ्यापासून सुरू करू. एक.