सारजाबाईची गिरणी आणि झाडातला पोरगा

सारजाबाईला कोरियाची सून येणार, अशी कुजबुज बोरीत दसऱ्याच्या तोंडावर सुरू झाली. कुजबुज म्हणायचं ते आपलं उगाच. बोरीत कुजबुज करायची तर बाई रस्त्यात उभी राहून हाक मारते. सारजाबाईचा आदिनाथ पुण्याकडं कंपनीत होता. त्यानं तिथल्या परदेशी साहेबाची पोरगीच पटवली म्हणे. पोरीला मांडी घालून बसता येत नाही, म्हणून लग्न परभणीच्या मंगल कार्यालयात, खुर्च्या मांडून होणार. म्हातारी गिरणीवर मोबाइल लावून बसते ती सुनेची भाषा शिकायला. एकीनं तर लेकराची शपथ घेऊन सांगितलं, की सारजाबाई दोन काड्यांनी पिठलं खात होती आणि ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. काड्यांनी पिठलं उचलायचं कसं, हे कोणी विचारलं नाही. खबर चवदार असली की त्यात खडा निघाला तरी माणूस गुमान गिळतो.

आता ही सारजाबाई कोण, ते ऐका. नवरा रामकिशन मेंढरं राखायचा. तो गेला तेव्हा आदिनाथ शाळेत होता. बाईनं मेंढरं विकली आणि गावातली बंद पडलेली पिठाची गिरणी घेतली. गाव हसलं. बाईमाणूस गिरणी चालवणार, पट्टा तुटला तर काय पदर बांधणार का, असं पारावर बोललं गेलं. सारजाबाईनं पट्टा बसवला, गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं खरबरीत करायला, म्हणजे टाकी लावायला शिकली, आणि पुढच्याच पोळ्याला पारावरच्या सगळ्यांच्या पुरणपोळ्या तिच्याच पिठाच्या झाल्या. तेव्हापासून ती केसांवर, भुवयांवर पिठाचा थर घेऊन वावरते. साठीला आली तरी केस पांढरे झाले की नाही, हे गावाला अजून माहीत नाही.

गिरणी म्हणजे बायांचा पार. डबे रांगेत, बाया पोत्यांवर. मोटार सुरू झाली की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून इथलं बोलणं ओठांवर, भुवयांवर आणि हातवाऱ्यांवर चालतं. सासूची नक्कल, जावेची कागाळी, कुणाच्या पोटात काय आहे ते, सगळं आवाजावाचून. बाहेरच्या माणसाला वाटावं मुक्यांची सभा भरली आहे. आतलीला विचारा, कान किटतात.

तर ही कुजबुज उठायच्या आधी, गणपती उठल्यावर आदिनाथचा फोन आला. पोरगा तिशी ओलांडलेला. स्थळं एकामागून एक आली आणि एकामागून एक गेली. गंगाखेडच्या पोरीला त्यानं पोह्यांची बशी हातात असतानाच सांगितलं होतं, की ताई, तुमचं दुसरीकडं चांगलं होईल. बघायला आलेल्या पोरानं ताई म्हटल्यावर पुढं काय राहतं? त्या दिवशी फोनवर तो बराच वेळ पावसाचं, सोयाबीनचं विचारत राहिला आणि मग म्हणाला, "माय, दसऱ्याला येतो. पर एकटा न्हाई. वाल्मीक बी येईल. आमी एका खोलीत राहतो ते तुला ठाव हाय. कसं राहतो, ते मला तोंडानं सांगता येईना. एक मालिका धाडतो, छोटीच हाय. ती बग. मग सांग, येऊ का नको. तू ये म्हनलीस तरच येईन."

मालिका कोरियाची. आठ भाग, एकेक भाग डबाभर ज्वारी दळून होईस्तोवर संपणारा. सारजाबाईनं दुपारी लाईट गेल्यावर गिरणीचं दार लोटलं आणि एकटीनं बघितली. भाषा कळेना, खालची इंग्रजी अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. एका जुन्या घराच्या अंगणात झाड, त्याला तांबडी फळं. त्या झाडात एक पोरगा राहतो. कुणाला दिसतो, कुणाला दिसत नाही. घरातला पोरगा शहरातून परत येतो, त्याला दिसतो. थंडीचे दिवस. घरातला आपला मफलर काढून झाडातल्याच्या गळ्यात गुंडाळतो, गाठ मारतो. गाठ मारून झाली तरी त्याचा हात तिथंच राहतो.

सारजाबाईनं मोबाइल मांडीवर पालथा घातला. बाईनं संसार केलेला होता. हात कुठं, किती वेळ राहिला म्हणजे त्याचा अर्थ काय, हे तिला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. 'नको येऊ' म्हणायला जीभ उचलेना. एकुलता एक, तोही रुसून बसायचा आणि परत कधी उंबरा चढायचा नाही. 'ये' म्हणायला छाती होईना. पारावर पोरं त्याला काय काय म्हणतील, बाया डबे घेऊन दुसऱ्या गिरणीवर जातील, आणि त्याच्या तोंडावर हसतील ते वेगळंच. ती उठायची, बसायची. कालच टाकी लावलेल्या दगडाला आज पुन्हा टाकी लावायची. मग पीठ इतकं जाडं पडायचं की दळण न्यायला आलेली पार्वतीबाई म्हणाली, सारजाबाई, हा रवा कुणाच्या लग्नाचा? एकदा उडदामागोमाग तिनं ज्वारी ओतली, दगड न झाडता. त्या घरच्या भाकरी दोन दिवस पापडासारख्या लागल्या. चुलीवर चहा ठेवायची आणि गिरणीत जायची; चहा आटून भांडं काळं व्हायचं. फोन वाजला की दचकायची, वाजला नाही की हातात घेऊन बघायची.

विचारायचं तर कुणाला? 'बाई, तुझ्या पोराचं असं असतं तर तू काय केलं असतंस' असा प्रश्न बोरीत सकाळी विचारावा, तर त्याचं उत्तर जिंतूरच्या स्टँडवर आधी पोचलेलं असतं. शेवटी तिच्या डोक्यात आलं. पोराचं विचारायचं नाही, मालिकेचं विचारायचं. मालिकेतल्या माणसांबद्दल बाया जे बोलतात ते खरं बोलतात. शेजारणीबद्दल तेवढं खरं बोलत नाहीत. तिनं मोबाइल वजनकाट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि गिरणी चालू केली.

दोन दिवसांत बोरीला मालिकेचं याड लागलं. डबा दळून झाला तरी बाई उठेना. काहींनी तर घरात पीठ असताना ज्वारी आणली. आवाज मोटारीनं खाल्लेला, पण गिरणीवरच्या बायांना आवाजाची फिकीर कधी होती? ओठ हलले की गोष्ट त्या स्वतः रचत होत्या. अंगणवाडीतली सुकेशनी बारावी शिकलेली. तिला खालची अक्षरं वाचायचं काम दिलं होतं. ती एक ओळ वाचून संपवायची तोवर पडद्यावरची पोरं जेवून, हात धुऊन निघून गेलेली असायची. शेवटी तिनं वाचणं सोडलं आणि आपलं मत दिलं, की दोघांचं कातडं बघा कसं नितळ आहे, हे तांदळाचं पाणी लावतात. त्या आठवड्यात अर्ध्या बोरीनं भाताचं पाणी तोंडाला लावलं.

पार्वतीबाईचं मत सगळ्यांत ठाम होतं. ते पोरगं झाडात राहतं, लग्न झालेलं नाही, रात्रीचं फिरतं. म्हणजे काय? मुंजा. ओढ्यावरच्या पिंपळावर आहे तसाच, फक्त कोरियाचा. तिनं हातानं करदोड्याचा आकार काढून सगळ्यांना विचारलं, याला कुणी करदोडा-लंगोट वाहिला का? नारळ फोडला का? नाही ना, मग तो धरणारच. शनिवारी एक नारळ फुटला असता तर आठ भागांची गरजच नव्हती. बायांना पटलं. मुंजाची कीवही आली त्यांना. थंडीत उघडा बसलाय, कुणी विचारीना, असं म्हणून दोघीतिघींनी डोळे पुसले.

सारजाबाईचा जीव जरा हलका झाला. मग तिनं खुणेनंच विचारलं, पण घरातल्या पोराचं काय करायचं?

पार्वतीबाईनं दोन्ही हातांनी अक्षता टाकून दाखवल्या. लगीन लावायचं. धुपारा द्यायचा, देवऋष्याकडं न्यायचं, आणि पहिली भेटेल ती पोरगी बघून बार उडवायचा. लग्न झालं की मुंजा उतरतो. सगळ्या बायांनी माना हलवल्या. सुकेशनीनंही हलवली.

सारजाबाईनं मोबाइल उचलून पदरात घातला, म्हणाली, चार्जिंग संपलं. संपलं नव्हतं. त्या रडल्या होत्या ते मुंजासाठी. माणसासाठी कुणी रडलंच नव्हतं. कौल मागितला होता एका गोष्टीचा आणि मिळाला दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तोही धुपाऱ्याचा.

तिकडं आदिनाथचा फोन. गाडीला गर्दी होती, जागा राखून ठेवायची का, एवढंच विचारत होता. ती म्हणाली, उद्या सांगते. उद्या म्हणाली, परवा सांगते. पोरगं समजदार, म्हणालं, असू दे माय, कामं असतील तुला. ते ऐकून तर ती जास्तच बेजार झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

राहिली होती एकटी चांगुणाबाई. ही सारजाबाईची थोरली चुलत जाऊ. गावात हिच्या जिभेला पोलीसपाटीलही भितो. कोणाचं लग्न मोडायचं, कोणाचं जुळायचं, कोण शहाणं आणि कोण वाया गेलेलं, हे आधी चांगुणाबाईच्या ओट्यावर ठरतं आणि मग तसं होतं. ती मालिका रोज बघायची, कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून, तोंडात तंबाखू धरून. आणि इतक्या दिवसांत तिनं एक भुवईसुद्धा उचलली नव्हती. चांगुणाबाई गप्प आहे म्हटल्यावर सारजाबाई त्या कोपऱ्याकडं बघायचंच टाळत होती.

ती एका टळटळीत दुपारी आली, गिरणीत कुणी नसताना. हातात एवढासा डबा, त्यात मूठभर ज्वारी. एवढ्यासाठी कोणी गिरणीवर येत नाही. सारजाबाईनं डबा ओतला, दगडात ज्वारी कधी शिरली आणि कधी संपली कळलंही नाही. मोटार रिकामी घरघरत राहिली. शेवटी तिनं हात वर करून खटका पाडला. एकदम इतकं शांत झालं की छपरावरची चिमणी ऐकू आली.

"अक्का," ती म्हणाली, "तो मुंजा न्हाई."

"मला काय सांगतीस. मुंजा आसा लाजत आसतो व्हय."

सारजाबाई खाली बसली. तिला वाटलं होतं आपल्याला खूप समजावून सांगावं लागेल. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. तिनं हळूच विचारलं, मग मालिका कशी वाटली.

चांगुणाबाई बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आली. "मला इचारशील तर मला रुचली न्हाई. दोन पोरं, आन हे आसलं. आपल्याला सवय न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर त्या घरातल्या पोराची माय मला त्याहून रुचली न्हाई."

"मायनं काय केलं? ती तर सारखी भांडीच घासती."

"तेच सांगायलीय. तिला झाडातला दिसतो. पहिल्या दिसापासनं दिसतो. ताटात वाट्या मांडताना एक वाटी जास्ती काढती, आन पोरगं आत आलं की गुमान उचलून ठिवती. तू बगितलंस न्हाई? शेवटाला बर्फ पडतं, झाडातलं पोरगं फाटकापाशी हुबं ऱ्हातं, आन ही बया मान खाली घालून तीच वाटी घासती. ठाव आसून. मग जातं ते निघून. आन लोक म्हनतेत, नशीब." चांगुणाबाईनं डब्याचं झाकण लावलं. "नशीब कशाचं. बाईनं मान वर केली न्हाई."

 सारजाबाईनं ती वाटी बघितली नव्हती. आठही भाग तीनदा बघून बघितली नव्हती.

"आदिनाथ कदी येणार?" चांगुणाबाईनं विचारलं.

"दसऱ्याला."

"एकलाच?"

आता खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि खोटं बोलायला समोरची बाई चुकीची होती. "दोगं," सारजाबाई म्हणाली. "आन गाव काय म्हनल, अक्का, त्याच्यानं मला झोप न्हाई."

"गावाचं माझ्याकडं लागलं. गाव काय म्हनायचं ते मी सांगते त्याला, आजवर कोण सांगत आलंय? तू भाकरीचं बग. आन ही ज्वारी जाडी दळलीयस, टाकी कमी मार."

चांगुणाबाई गेली. सारजाबाईनं खटका पुन्हा वर केला नाही. हात पुसले, मोबाइल घेतला आणि ओट्यावर येऊन पोराला फोन लावला. पलीकडं कंपनीचा गोंगाट होता; त्याला नीट ऐकू जाईना. तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं, "या. दोगं बी या. जागा राखून ठिव." समोरच्या रस्त्यानं चाललेली पार्वतीबाई थांबून बघायला लागली. सारजाबाईनं मान खाली घातली नाही, तिसऱ्यांदाही तेवढ्याच आवाजात सांगितलं.

दोघं दसऱ्याला आले. वाल्मीकनं पट्ट्याला तेल दिलं, मोटारीची बिघडलेली कळ बदलली आणि सोनं वाटायला सगळ्या आळीत फिरला. बाया त्याला बघायला डबे घेऊन आल्या, पण त्यांची नजर सारखी रस्त्याकडं होती. साहेबाची पोरगी मागच्या गाडीनं येणार, असं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरगी आली नाही. पुढच्या खेपेला येईल, असं चांगुणाबाईनं सांगितलं.

कोरियाची सून कधीच नव्हती. आदिनाथ वाल्मीकबरोबर राहतो, नवराबायको राहतात तसा. वाल्मीक इथल्याच, परभणीजवळच्या पोखर्णीचा आहे. अफवा चांगुणाबाईनं उठवली होती, मुद्दाम.