मिरचीमावशीचा देव

मिरचीमावशी प्रार्थना करायची तीसुद्धा भांडल्यासारखी. डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून. "ऐकतोस ना, प्रभू? ह्या बाईला झोप न्हाय. तुला कामं लई हायेत, ठावं हाय मला. पर हिच्याकडं बघ जरा." उभं आयुष्य तिने मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढलं होतं. निवृत्त झाल्यावर ती कोऱ्हाळे बुद्रुकला आमच्या शेजारी राहायला आली आणि आजाऱ्यांपाशी जाऊन बसू लागली. बारामतीच्या एका खासगी हॉस्पिटलने तिला चांगल्या पगारावर बोलावलं होतं. "तितं पेशंटजवळ बसाया येळ न्हाय," म्हणाली आणि विषय संपवला.

गोड बोलणं तिला जमतच नसे. उपासनेत कुणी उभं राहून, देवाच्या आशीर्वादाने नवी गाडी आली, असं सांगू लागलं की ती अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी पुटपुटे, "आन् ज्याला सायकल न्हाय त्याच्यावर देव रुसलाय व्हय?"

माझी आई कॅन्सरने अंथरुणाला खिळली तेव्हा मी लोणी देवकरच्या कंपनीत पाळीवर असायचो. आईजवळ मावशीच. आमच्या चर्चच्या मंडळीत त्याच सुमारास नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते. देवाकडे पेराल तसं उगवेल, हा त्यांचा आवडता उपदेश. एकदा मावशी घरात नसताना ते आले आणि आईला म्हणाले, सगळ्यात प्रिय वस्तू अर्पण करा, बऱ्या व्हाल. आईने कानातली फुलं काढून दिली. माझ्या वडिलांनी लग्नात केलेली. तेवढंच सोनं होतं तिच्याकडे.

मावशीने आईचे मोकळे कान पाहिले आणि काय झालं ते विचारून घेतलं. रविवारी भर उपदेशात ती उठून पाळकांसमोर गेली.

"पाळकसाहेब, फुलं द्या."

"बाई, ती देवाला दिलेली आहेत."

"तुमच्या देवाचं कान टोचल्यात व्हय?"

कुणी हसलं नाही. मंडळीच्या दोघा पंचांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मीही तिच्यामागे बाहेर पडलो. संध्याकाळी फुलं घरी आली आणि त्यांच्यासोबत पाळकांचा निरोप: आता बरं वाटलं नाही तर दोष तुमच्या विश्वासाचा. मरायला टेकलेल्या बाईला हा निरोप. तो आठवला की आजही माझं डोकं भणभणतं.

आई घाबरली. "फुलं माघारी घेतली. आता देव मला बरं करायचा न्हाय."

मावशी तिच्यावरही चिडली. "सोन्यासाठी अडून बसणारा न्हाय त्यो. तू बरी होशील असं मी सांगणार न्हाय, खोटं हाय ते. पर तू त्याच्याकडं चाललीयास. रिकाम्या हातानं गेलीस तरी त्यो दार लावून घ्यायचा न्हाय." मग आईचं डोकं मांडीवर घेऊन भजन म्हणत बसली. त्या दिवसापासून आईने बरं होण्याचा विषय काढला नाही. कित्येक वर्षं अबोला धरलेल्या धाकट्या बहिणीला तिने बोलावून घेतलं. दोघी पोटभर रडल्या. नंतर एका दुपारी मावशीचा हात धरूनच आई गेली.

पाळकांचा अपमान केला म्हणून मंडळीने मावशीला चर्चमध्ये यायला बंदी केली. ती भाचीकडे इंदापूरला निघाली. बारामतीच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेलो आणि म्हणालो, "मावशी, मीही आता त्या चर्चमध्ये पाय ठेवणार नाही."

ती माझ्यावर खेकसली. "का? त्यांच्या बापाचं हाय ते? राग आला तर राग घिऊन बस. पर बस. प्रभूला चालतं."

म्हणून मी दर रविवारी जातो आणि रागातच बसतो. मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, मावशी गेली. मी पाळकांना कळवलं. त्या रविवारी त्यांनी नव्या हॉलच्या एसीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. मावशीचं नावही नाही. मी उठलो आणि म्हणालो, "मिरचीमावशी गेल्या. त्यांच्यासाठी उभं राहा."

कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी काठी टेकत उठली. तिच्या शेजारची उठली. एकेक करत सगळी मंडळी उभी राहिली. पाळक समोर उभेच होते. त्यांना आता खाली बसता येईना.