बाहीला लावलेलं ठिगळ

जालन्याबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर तातेराव चौकीदार म्हणून लागले, तेव्हा त्यांना एकच कोडं पडलं होतं. इथं मनोरा नाही, मग आभाळातल्या विमानांना वाट दाखवणारा माणूस बसतो कुठं? भोचकपणा त्यांच्याकडं वाजवीपेक्षा जरा जास्तच. विमान शिकवणाऱ्या कॅप्टनला त्यांनी विचारून विचारून भंडावून सोडलं.

"कुणीच बसत नाही, तातेराव. जो तो रेडिओवर आपला ठिकाणा सांगतो आणि दुसऱ्याचा ऐकतो. सगळे डावीकडं वळत एकाच बाजूनं चक्कर मारतात."

"म्हंजी खळ्यातल्या बैलावानी. बराबर!"

तेव्हापासून चौकीतला रेडिओ त्यांच्या कानाशी असे. त्यावर फक्त ऐकता येई, बोलता येत नसे.

धावपट्टीच्या कडेला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी नळी होती. तातेराव तिला बाही म्हणत. विमान वाऱ्याकडं तोंड करून उतरवायचं असतं, ते पायलट या बाहीकडं बघून ठरवत. ती फाटली तेव्हा तातेरावांनी कुणाला न विचारता घरी नेली. त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, जुन्या गोधडीचं दणकट ठिगळ लावलं.

"आता धा वर्सं बघायचं काम न्हाई," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच सकाळी तातेरावांनी बाही परत खांबावर चढवली, आणि कॅप्टनकडं शिकणारी केदारखेड्याची संध्या पहिल्यांदा एकटीनं विमान घेऊन उडाली. पश्चिमेचा मंद वारा तातेरावांच्या गालाला लागत होता, बाही मात्र मेल्यासारखी लोंबत होती. संध्या चक्कर पुरी करून पूर्वेकडून उतरायला वळली. तेवढ्यात पश्चिमेकडून एक पाहुणं विमान थेट तिच्या समोर आलं. लोंबती बाही बघून वारा पडलाय असं त्या पायलटला वाटलं, म्हणून त्यानं चक्कर न मारता जवळचं टोक धरलं होतं. ठिकाणाही सांगितला तो अगदी शेवटच्या घटकेला.

तातेराव चौकीबाहेर धावले. ओरडून तरी कुणाला ऐकू जाणार?

रेडिओत संध्याचा आवाज आला, कापरा पण स्पष्ट. "मी तुमच्या समोर आहे. उतरत नाही, उजवीकडून वर जातेय." पाहुणाही आपल्या उजवीकडं वळला. दोन्ही विमानं एकमेकांच्या बाजूनं निघून गेली आणि थोड्या वेळानं पाठोपाठ उतरली.

कॅप्टननी पाहुण्याला फैलावर घेतलं. "बाही लोंबत होती हो," एवढंच तो पुटपुटला. ते कुणी मनावर घेतलं नाही. तातेराव गप्प राहिले असते तर नोकरी शाबूत होती. त्यांनी खांबावरून बाही उतरवली आणि कॅप्टनसमोर धरली.

"हे जड ठिगळ मी लावून आणलं, साहेब. वाऱ्यानं उचललंच न्हाई."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"न्हाई. पण हितं विचारणारं कोणी बसतच न्हाई ना. जो तो आपला ठिकाणा सांगतो. मंग मी बी सांगितला."

संध्यानं पुढं होऊन बाही घेतली आणि तिथंच खाली बसून टाके उसवायला लागली.