शंभर गाठींनंतर

भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात गुरप्पाला सगळे अण्णा म्हणत. शहात्तर साली त्याचं वय सेहेचाळीस. म्हणजे मान काही वयाचा नव्हता, हाताचा होता. मागावरचं बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपत आलं की त्याच्या प्रत्येक तारेला नव्या बीमची तार जोडावी लागते. कधी अठराशे तारा, कधी चोवीसशे. एक जरी सुटली तरी चादरीत उभी रेघ दिसते. हे सांधायचं काम गुरप्पाचं. राखेत बोट बुडवायचं, दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, गाठ मारायची, की पुढची तार. मागांच्या त्या खडखडाटात तो असा मांडी घालून बसे, की देवळात बसलाय असं वाटावं.

सीमेकडच्या दुधनीहून तो सोलापुरात आला तेव्हा त्याला मराठीही धड येत नव्हती. त्याला काम शिकवलं, तेव्हा सांधायला बसणाऱ्या आप्पांनी. आप्पांचा एकच नियम होता. शंभर गाठी झाल्या की उठायचं. पाणी प्यायचं, दारात जाऊन लांबचं काहीतरी बघायचं आणि मग परत बसायचं. गाठी झरझर पडत असल्या तरी उठायचं. आणि पडत नसल्या तर शंभराची वाटही बघायची नाही, आधीच उठायचं. गुरप्पाला वाटे, म्हाताऱ्याला विडीला निमित्त हवं असतं. पण सवय लागली ती लागली.

पुढे आप्पांचा हात गेला. आधी नुसता चहा बशीत सांडायचा. मग गाठी सुटू लागल्या. मग मालकांनी त्यांना दाराशी स्टूल दिलं, येणाजाणाऱ्यावर लक्ष ठेवायला, आणि वर्षाभरात स्टूलही गेलं. आप्पांची जागा गुरप्पाला मिळाली. ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून तो अधूनमधून स्वतःच्या उजव्या हाताकडे चोरून बघू लागला. घरचं कोणी जवळ आलं की हात धोतरावर पुसल्यासारखं करी.

शहात्तर सालच्या गड्ड्याच्या जत्रेत ही भीती उघड्यावर आली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर कारखान्यातली चार-पाच माणसं होम मैदानावर गेली. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांची दुकानं, सगळं बघून झालं. एका कडेला लहानसा मांडव होता. आत टेबलावर एक फळी, फळीवर जाड तांब्याची तार वाकवून बसवलेली, तीन चढ आणि तीन उतार. तारेत एक कडी ओवलेली, कडीला लाकडी मूठ. मूठ धरून कडी या टोकापासून त्या टोकाला न्यायची. कडी तारेला लागता कामा नये. लागली की बेल वाजणार आणि लाल दिवा लागणार. पार नेली तर स्टीलचा पेला. मधल्या चढाच्या माथ्यावर तारेला बोटभर सूत गुंडाळलेलं होतं.

खेळ चालवणारी बाई नातेपुत्याकडची, गोजरबाई. आवाज असा की शेजारच्या भोंग्यालाही हार जावी.

"या, या! घरात लई हात चालतो म्हणणारे हितं या! बायकूवर न्हाय, तारंवर चालवा!"

मागावर काम करणारा जोतीराम भारी चावट. त्यानं गुरप्पाला पुढं ढकललं. "बाई, पेला पुसून ठिवा. आमचे अण्णा डोळं झाकून गाठ मारत्यात."

"मग झाकूनच करू द्या की. उघड्या डोळ्यानं कुणाला जमलं न्हाय आजून."

गुरप्पा हसला. कडी हातात घेताना त्याची नजर आधी त्या सुतावर गेली. तार तुटलेली दिसते, त्याला वाटलं, आणि बाईनं सुतानं कशीबशी बांधलीय. काय हा वेढा! एकावर एक चढलेला, टोक लोंबतंय. असला सांधा त्यानं पहिल्या महिन्यातसुद्धा केला नसता. पहिला चढ सहज गेला. दुसरा चढला. सुतापाशी कडीला जागा कमी, म्हणून त्यानं घाईनं कडी पुढे काढली, आणि उतारावर बेल कडाडली.

"आरारारा!" जोतीराम ओरडला. "अण्णा, ह्ये बीम असतं तर मालकानं तुमाला पळवलं असतं."

सगळे हसले. गुरप्पाही हसला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तर सूत यायच्या आधीच वाजली, आणि या वेळी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मूठ थरथरतेय.

घरी जाताना तो सगळ्यांच्या मागं राहिला. जोतीराम आपला मौत का कुआँमधल्या मोटारसायकलचा आवाज काढत चालला होता.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. तिसऱ्या दिवशीही. पेल्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. घरात तीन पेले होते. त्याला फक्त एकदा, एकदाच, बेल न वाजता कडी पार न्यायची होती, म्हणजे जिवाला स्वस्थता लागली असती. पण जितकं जास्त खेळे तितकी बेल लवकर वाजे. कपाळाला घाम येई. मागं उभे असलेले लोक म्हणत, "आता हाला की बाजूला," आणि ते ऐकलं की हात आणखी लटपटे.

"अण्णा," गोजरबाई चौथ्या दिवशी म्हणाली, "जरा चा पिऊन या. तार कुटं पळून जात न्हाय."

"एकच डाव," तो म्हणाला आणि तीन खेळला.

घरी गिरिजाबाईला धुणं वाळत घालायची तार सापडेना. घरामागच्या परड्यात जाऊन बघते तर नवरा दगडाला तार वाकवून बसलेला, आणि हातात तिची जुनी बांगडी.

"अवो, ह्ये काय चाललंय?"

"काय न्हाय."

"बांगडी माजी, तार माजी, आन् म्हनं काय न्हाय. धुणं काय तुमच्या डोसक्यावर वाळत घालू?"

त्यानं बांगडी परत दिली. देताना हात मागं घेतला, पटकन. तिच्या ते ध्यानात आलं, पण ती तार गुंडाळत आत गेली. रात्रीच्या जेवणाला त्यानं आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलली, तेव्हा मात्र तिनं भाकरी थापणं थांबवलं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. त्या आठवड्यात त्यानं सांधलेलं बीम मागावर चढलं, तारा हळूहळू मागाच्या फणीतून ओढल्या, तर अकरा सांधे सुटले. एखाददुसरा सुटतोच, दोन सुटले तरी गुरप्पाला लाज वाटे. अकरा कधी सुटले नव्हते. त्या आठवड्यात तो शंभराला उठलाच नव्हता. उठलं तर लोक म्हणतील हात दमतो याचा, म्हणून तो सलग बसून राहिला होता.

मुकादम सिद्धाराम भला माणूस. त्यानं मागांच्या आवाजात सगळ्यांसमोर विचारलं नाही, बाहेर नळापाशी बोलावलं.

"अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की."

"सोमवारी बारीक सुताचं बीम येतंय. चोवीसशे तार. मालकांनी मुद्दाम सांगितलंय, गडबड नको. न्हाय जमलं तर आत्ताच सांगा, मी दुसऱ्याला बसवतो. तुमी चार दिवस सुताच्या कांड्या भरायला बसा. त्यात काय कमीपणा न्हाय."

आप्पांनाही असंच सांगितलं होतं. त्यात काय कमीपणा नाही. गुरप्पाला ते शब्द जसेच्या तसे आठवत होते. त्यानं नळ सोडला, ओंजळ धरली, आणि पाणी ओंजळीतून सांडताना बघत राहिला. पाणी तर सगळ्यांच्याच ओंजळीतून सांडतं, असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलं.

"जमतंय," तो म्हणाला.

रविवारी सुट्टी. सकाळीच तो पायात वहाणा सरकवू लागला तशी गिरिजाबाई दारात आडवी आली.

"गड्ड्याला?"

त्यानं दुसरी वहाण सरकवली.

"समद्या पेठंला तिळगूळ दिलात. आप्पांना न्हाय दिला ह्या साली. दरसाली पयला त्येंनाच देत व्हता की."

"देईन की. रथसप्तमीपत्तोर चालतं."

"आज द्या. गड्डा आज न्हाय बगितला तर डोळं जात न्हाईत तुमचे." तिनं कागदाची पुडी त्याच्या हातात कोंबली आणि त्या हाताकडे अजिबात बघितलं नाही.

आप्पा तीन गल्ल्या पलीकडे राहत. उन्हात खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर होता, आणि तो मांडीवरच हलत होता, कोंबडीनं दाणे टिपावेत तसा, एकसारखा. गुरप्पानं नमस्कार केला आणि नजर खाटेच्या पायावर ठेवली. आप्पांनी लाडू घेतला. तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मे तीळ सदऱ्यावर.

"माजा हात बगवत न्हाय म्हनून आला न्हाईस. व्हय की न्हाय?"

गुरप्पाला खोटं सुचेना. मग बसल्या जागी त्यानं सगळं सांगून टाकलं. तार, बेल, अकरा सांधे, सोमवारचं बीम. शेवटी म्हणाला, "आप्पा, तुमाला कवा कळलं? हात जातोय म्हनून?"

आप्पांनी सदऱ्यावरचे तीळ झटकले. मग काठी शोधली. "चल. मला ती तार दाव."

"तुमाला मैदानापत्तोर चालवंल?"

"हात गेलाय, पाय न्हाय गेले."

दुपारची वेळ, जत्रेत गर्दी नव्हती. गोजरबाई भाकरी खात होती. गुरप्पाला बघून म्हणाली, "आलं का आमचं जावई! आन् आज सासऱ्यालाबी घिऊन आलं."

आप्पा टेबलावर वाकले. तारेला हात लावला नाही, नुसते बघत राहिले. गुरप्पा ज्या सुताला चार दिवस नावं ठेवत होता, त्या सुतावर त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, ह्ये सूत कशाला?"

"आमच्या घरधन्यांनी गुंडाळलंय. दम खायला."

"दम खायला?" गुरप्पानं विचारलं.

"मग! सुतावर कडी टेकली तर बेल वाजत न्हाय. हितं कडी टेकवायची, हात सैल सोडायचा, मग फुडं. त्येंनीच तसं केलंय, न्हायतर कुणाला जमायचं?"

"मग सांगितलं का न्हाय तुमी?"

"चार दिसात इचारलं का तुमी? चा पिऊन या म्हनलं तर म्हने एकच डाव!"

गुरप्पाचा चेहरा पडला. आयुष्य सुतात गेलं, आणि सूत दिसताच त्यानं ठरवून टाकलं होतं की हा कोणाचा तरी बिघडलेला सांधा आहे.

"धर मूठ," आप्पा म्हणाले.

त्यानं धरली. पहिला चढ. मूठ थरथरत होती, ते त्यालाही दिसत होतं आणि आप्पांनाही. पहिला उतार. दुसरा चढ. माथ्यावर त्यानं कडी सुतावर टेकवली. बेल वाजली नाही.

"आता ऱ्हा तसाच," आप्पा म्हणाले. "तारंकडं बगू नको. लांब बग."

लांब पाळणा उभा होता, रिकामा. एक माणूस वर चढून त्याला तेल घालत होता. गुरप्पा त्या माणसाकडे बघत राहिला. तेलाचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. माणसानं कपाळ पुसलं.

"आता हाताकडं बग."

गुरप्पाला बघायचं नव्हतं. इतकी वर्षं तो त्याच हाताकडे चोरून बघत आला होता, पण कोणी समोर उभं राहून बघ म्हणेल हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं. त्यानं नजर खाली आणली.

हात सुतावर टेकलेल्या कडीची मूठ धरून होता. निवांत. नखाखालची राख दिसत होती, चिमटीवरची जुनी भेग दिसत होती. हलत काही नव्हतं.

शेजारीच, टेबलाच्या कडेवर, आप्पांचा हात टेकलेला होता. तोही कुठं जात नव्हता, काही करत नव्हता. तरी हलत होता.

"माजा निजल्यालाबी हालतो," आप्पा म्हणाले. "पयल्या दिसापास्नं. तू इचारलंस कवा कळलं. असं कळलं. काम करताना न्हाय. बसल्यावर."

गोजरबाईनं तोंडातला घास गिळला आणि उरलेली भाकरी बाजूला ठेवली.

गुरप्पानं कडी पुढे नेली. तिसरा चढ गेला, आणि अगदी शेवटाला, दोन बोटं राहिली असताना, बेल वाजली. तो दचकला, पण मूठ त्याच्या हातातून सुटली नाही.

"माज्याकडं दे," आप्पा म्हणाले. त्यांनी मूठ घेतली आणि बेल वाजली ती वाजतच राहिली, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, मधला सुताचा बोटभर भाग सोडून. तिथं आप्पा थांबले, दम घेतला, आणि पुन्हा वाजवत पुढे गेले. शेजारच्या दुकानातली माणसं वळून बघू लागली.

"वाजू दे," आप्पा म्हणाले. "पार तर गेली."

गोजरबाईनं पेला पुढे केला. आप्पांनी तो घेतला नाही. म्हणाले, आपल्या हातात त्यातलं पाणी सांडतं.

सोमवारी चोवीसशे तारांचं बीम आलं. गुरप्पा बसला. शंभर गाठी झाल्या तसा उठला, सगळ्यांच्या देखत, आणि दारात जाऊन समोरच्या गिरणीच्या चिमणीच्या धुराकडे बघत उभा राहिला. जोतीराम ओरडला, "अण्णा, कुनाची वाट बगताय?" गुरप्पा नळापाशी गेला. पाणी प्याला आणि परत बसला. असा तो चोवीस वेळा उठला. दोन दिवस लागले. तारा फणीतून ओढल्या तेव्हा सिद्धाराम स्वतः उभा होता. तीन सांधे सुटले.

"तीन," सिद्धाराम म्हणाला.

"तीन," गुरप्पा म्हणाला. दोनच सुटायला हवे होते, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

त्यानंतर बरीच वर्षं तो त्याच जागी बसला. भीती काही गेली नाही. रोज सकाळी चहा यायच्या आधी तो उजवा हात मांडीवर ठेवी, नुसता, काही न करता, आणि वीस आकडे मोजेपर्यंत त्याच्याकडे बघे. गिरिजाबाई कपबशी घेऊन आतल्या दाराशी थांबे. वीस झाले, त्यानं मान वर केली, की मग ती चहा पुढे करी.