दुहेरी शह शिकवणारे बडे बाबू

शह देताना त्यांचा आवाज खाली यायचा. इतर लोक शह देताना मोहरा पटावर आपटतात, चार टेबलांना ऐकू जाईल असं ओरडतात. यांचं उलटं. मोहरा दोन बोटांनी उचलायचे, नव्या घरात ठेवायचे, हात मागे घ्यायचे आणि मग, आजाऱ्याची चौकशी करावी तसं हळूच म्हणायचे, "शह आहे, बेटा."

ऑफिसात सगळे त्यांना 'बडे बाबू' म्हणत. मी काका म्हणायची, कारण अख्ख्या सेक्शनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. लग्न होऊन मी वर्ध्याहून जबलपूरला आले आणि या सरकारी ऑफिसात लागले, तेव्हा दिवसभर हिंदी बोलून माझा जबडा दुखायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या डब्यात डोकावून विचारलं, "झुणका होय का?" त्या एका प्रश्नावर मी त्यांच्या बाजूची झाले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक आपलं आणि एक मागणाऱ्यांसाठी. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि खणातून बुद्धिबळाचा पट काढायचा.

मला मोहरे कसे चालतात एवढंच माहीत होतं. वर्ध्याला बाबा आणि दोघे भाऊ ओसरीत खेळायचे. माझं काम चहा नेऊन देणं. एकदा मी म्हटलं होतं, मलाही खेळायचंय. बाबा म्हणाले, "तू आधी चहा आण." ही गोष्ट मी काकांना सांगितली, तर ते हसले नाहीत. पट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बस. पांढरे तुहे."

दोन वर्षं मी रोज हरले. मी खेळी करायला हात उचलला की ते म्हणायचे, "घाई काहून करून राहिली? राजा कुठं पळून चालला?" मी जिंकणारच अशी वेळ आली, तरी शेवटी त्यांचा एखादा घोडा बाजूला व्हायचा आणि मागून हत्ती डोळे वटारून उभा असायचा. घोड्याचाही शह, हत्तीचाही.

"हा दुहेरी शह," ते म्हणाले. "घोडा मारशील तर हत्ती हाये. हत्तीच्या आडवं प्यादं घालशील तर घोडा हाये. इथं बाकी कोणी कामाचं नाही. राजाले सोताच उठा लागते."

ते मला कळलं, पण जमेना. मागच्या मोहऱ्याची वाट मोकळी करण्याच्या नादात पुढचा मोहरा मी भलतीकडेच न्यायची. मग त्यांनी एक डाव मांडून दिला. माझा हत्ती, त्याच्यापुढे माझा उंट, आणि समोरचा राजा त्या वाटेच्या शेजारच्या घरात. "तीन खेळ्यांत मात. शोध." मी तो कागदावर उतरवून घरी नेला. चार दिवस सापडेना. पाचव्या दिवशी कांचघरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरली असताना एकदम दिसलं. राजाच्या शेजारी, हत्तीच्या वाटेवर, वजीर फुकट सोडायचा! राजा तो मारायला त्या वाटेवर येणार, आणि मग उंट तिरका निघाला की उंटाचाही शह, हत्तीचाही. मी भाजीवाल्याला "भैया, एक मिनट" म्हणून तिथूनच फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अच्छा. मेथी चांगली हाये का?"

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्शनभर पेढे वाटले. कशाचे, ते कोणालाच कळलं नाही.

त्या सापळ्यावर मी पुढे ऑफिसातल्या बऱ्याच जणांना हरवलं. ऑफिसची स्पर्धा आली. जिंकेल तो नागपूरला मोठ्या स्पर्धेला जाणार होता. मी अंतिम फेरीत पोचले. वर्ध्याला फोन केला. बाबा म्हणाले, "नागपूर म्हणजे दीड तास. मी येईन बघायला." भाऊ सांगत होता, त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला आहे.

अंतिम फेरीत समोर सरकारी क्वार्टरांचं वाटप बघणारे साहेब होते. साहेबांचा खेळ सगळ्यांना पाठ होता. समोर आलेला मोहरा ते कधी सोडत नसत. वजीर तर सोडूच शकले नसते. मी हत्ती लावला. सहा-सात खेळ्यांनंतर, काही विशेष नाही असं दाखवत, उंट त्याच्यापुढे आणून ठेवला.

साहेबांनी पटाकडे बघितलं आणि राजा उचलून दोन खेळ्यांत त्या वाटेपासून लांब, कोपऱ्याकडे नेला. त्या वेळी त्यांच्या राजावर कसलंही संकट नव्हतं. माझा वजीर अजून घरातून हललाही नव्हता. मी बघतच राहिले. त्यानंतर माझा डाव सुटत गेला, आणि मी हरले.

चहा आला. साहेब खुशीत होते. मन स्वच्छ, त्यामुळे तोंडही मोकळं. "मैडम, बुरा मत मानिए. बडे बाबू ने बता दिया था. बोले, मैडम ऊँट को हाथी के आगे रखें, तो राजा हटा लेना."

काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी चहा बशीत ओतला होता. तो ते फुंकत राहिले. प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी गेले. पट मांडलेला होता. मी बसले नाही. "काका, काहून सांगितलं?"

बराच वेळ ते पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "महिनाभरात रिटायर होऊन राहिलो. क्वार्टर सोडा लागते. तुही काकू बिछान्यावर आहे, दोन वर्षं झाली. पोरीचं नागपूरचं घर तयार व्हायले सहा महिने आहेत. साहेबानं सही केली त सहा महिने राहता येते." मग टोपण घट्ट लावून म्हणाले, "त्यानं मागितलं नव्हतं. मीच सांगितलं."

काकू आजारी आहेत एवढं मला माहीत होतं. अंथरुणाला खिळल्या आहेत हे दोन वर्षं रोज समोर बसून त्यांनी सांगितलं नव्हतं.

"मला सांगायचं ना," मी म्हणाले. "मी आपणहून हरले असते."

"हो. हरली असती," ते म्हणाले. "तुले 'हर' म्हणा लागलं असतं मग. ते माह्या तोंडून निघालं नसतं. त्याले सांगणं सोपं गेलं."

हे उत्तर मी आजवर कितीदा तरी उलटून पाहिलं आहे. कधी त्यात माया दिसते, कधी नुसता भित्रेपणा. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. मी माझा डबा उचलून दुसऱ्या खोलीत गेले आणि ते रिटायर होईपर्यंत तिथेच जेवले. जाताना दारातून दिसायचं, दोन्हीकडचे मोहरे मांडून ते एकटे बसलेले. मी आत गेले नाही.

बाबांना फोनवर सांगितलं, हरले. ते म्हणाले, "मग काय झालं, पुढच्या वर्षी येतो." त्याच थंडीत बाबा गेले. पुढच्या वर्षी मी स्पर्धा जिंकून नागपूरला गेले, दुसऱ्या फेरीत हरले. बघायला कोणी नव्हतं.

काकांना सहा महिने मिळाले. ते संपल्यावर शिपायाकडून कळलं, ते मदन महल स्टेशनवरून नागपूरला लेकीकडे जाणार आहेत, सकाळच्या गाडीने. मी गेले. का गेले, ते मला धड सांगता येणार नाही. चार शब्द सुनावायचे होते, हे मात्र खरं.

फलाटावर काकू चाकाच्या खुर्चीत होत्या. गाडी दोनच मिनिटं थांबणार आणि काका एकटे. सुनावणं राहिलं बाजूला. मी खुर्चीची एक बाजू धरली, त्यांनी दुसरी. "सांभाळून," ते म्हणाले. "हो," मी म्हणाले. एवढंच आमचं बोलणं.

डब्यातल्या बाकावर टेकल्यावर काकूंनी माझा हात धरून ठेवला. "तूच होय का ती? ह्यायच्या तोंडी रोज तुहंच नाव. म्हणतात, माह्यापेक्षा चांगली खेळते. अन् नागपूरले खेळाले काहून नाही गेली वं त्या खेपेले?"

काका पाठमोरे होऊन बाकाखाली बॅग सरकवत होते. बॅग केव्हाच आत गेली होती.

"तब्येत बरी नव्हती, काकू," मी म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी हलली. ते दारात आले नाहीत. मीही हाक मारली नाही. खिडकीच्या गजांतून काकूंचा बारीक हात तेवढा हलत होता, आणि मी त्यांना हात करत होते.