एक्केचाळीस अंश आणि घरचं मीठ

आमच्या घरात मीठ कधी विकत आणलं गेलं नाही. पेणजवळच्या खाडीकाठी वडिलांनी आयुष्यभर मिठागरात काम केलं. आमच्यातलं कुणी दुकानातून मिठाची पुडी घेऊन येताना दिसलं असतं, तर अख्ख्या आळीत बोभाटा झाला असता. हे आधीच सांगतो, कारण माझं नुकसान याच सवयीतून झालं. राग मात्र माझा दुसऱ्याच माणसावर आहे आणि तो मी सोडणार नाही.

नव्वदीच्या दशकात मी रोह्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो. नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. पाळीची बस, तोच वास, तेच चेहरे. तिथून सुटायचा मला एकच रस्ता दिसत होता, पीएच.डी. नोकरी सांभाळून मुंबईतल्या एका प्राध्यापकांकडे नाव नोंदवलं होतं. वर्षं गेली, हाती काही लागलं नाही. शेवटी सर म्हणाले, "मार्चअखेर तुमची नोंदणी संपते. एक स्वच्छ आलेख दाखवा, मुदतवाढ मागतो. नाहीतर जागा मोकळी करा."

विषय असा होता. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचं दुपदरी आवरण असतं. थंडीत खोबरेल थिजतं तसं तेही थिजतं. रेणू शेपट्या ताठ करून एकमेकांना खेटून उभे राहतात, कुणालाच हलता येत नाही. माझ्या रेणूंची ही कोंडी एक्केचाळीस अंशांना फुटायची. एकटी शेपटी वळायला सेकंदाचा अब्जावा भागही पुरतो, पण कोंडी सगळीकडे फुटत जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. या दोहोंच्या मध्ये काय घडतं, ते मला पकडायचं होतं. त्यासाठी पाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन अंश तापवावं लागतं. खारट पाण्यातून, वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरचा एकच तडाखा सोडला की ते जमतं. आवरण वितळलं की रेणूंनी गढूळ झालेलं पाणी जरा निवळतं, त्यातून जाणारा उजेड वाढतो आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ चढते.

कपॅसिटर आणि जुना ऑसिलोस्कोप मी डोलवीच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्या चाचांकडून उचलले.

"चाचा, याची काच तडकल्ये."

"तडकली म्हणून तुझ्या नशिबात. नायतर मुंबईला गेला असता."

"आणि चालला नाही तर?"

"तर परत आण. पैसे नाय मिलनार, चाय मिलेल."

निम्म्या भावात सौदा तोडून, वर वायरचं भेंडोळं फुकट घेऊन मी उठलो. चाचा म्हणाले, "तू केमिकलमध्ये वाया गेलास. भंगारात ये."

रेणूंची कुपी मुंबईच्या एका आयातदाराकडून आणली, चिमूटभर पांढरी पूड. राहिलं मीठ. सरांच्या प्रयोगशाळेत शुद्ध मिठाची बाटली होती, मागितली असती तर मिळाली असती. पण तेव्हा वडील खोलीवर आले होते. त्यांनी पिशवी पुढे सरकवली.

"तुझ्या कामाला मीठ लागतंय ना? ह्ये घे. येवढा पांढरा कुठं मिलनार नाय."

मी ते विरघळवलं, गाळलं, पुन्हा सुकवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढणारा मी, आपल्या मिठाची तपासणी केली नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

सुट्टीच्या दुपारी खिडक्यांना चादरी लावून मी तडाखा सोडला. रेघ सरळ. पंचेचाळीस अंशांना सरळ, पन्नासलाही सरळ. वडील खाटेवर बसून बघत होते.

"काय होनार हाय?"

"रेघ वर जाईल."

"कवा?"

"बाबा, गप्प बसा."

रेघही गप्प.

मी तडक एसटीडी बूथवर गेलो आणि आयातदाराला नको नको ते बोललो. "डालडा भरून दिलात काय कुपीत?" त्यानं शांतपणे सांगितलं, "पुन्हा फोन करू नका." बूथवाला मीटरकडे बघत म्हणाला, "डालड्यासाठी एवढा एसटीडी, साहेब?"

सरांपुढे मी पडद्यावरून गिरवलेल्या सरळ रेघांचे बटरपेपर पसरले. त्यांनी एकच विचारलं. "मीठ कुठलं?"

"घरचं."

ते खळखळून हसले. खाडीच्या मिठात कॅल्शियम असतं. माझ्या रेणूंच्या डोक्यांवर ऋण भार, कॅल्शियमवर दुप्पट धन. ते एका वेळी दोघांना धरून ठेवतं, मग एक्केचाळीसला सुटणारी कोंडी पन्नासलाही सुटत नाही. हसता हसता त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यांच्या फ्रिजमध्ये तीच पूड होती. मी थोडी मागितली. "ती दुसऱ्या विद्यार्थ्याची आहे," म्हणाले. आयातदाराला फोन लावला, त्यानं माझा आवाज ऐकताच ठेवून दिला. मार्च संपला.

एप्रिलमध्ये कंपनीत बॉयलरच्या पाण्याचा कठीणपणा मोजत होतो. त्यासाठी ईडीटीए वापरतात, ते कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतं. ब्युरेटची तोटी बंद करताना सुचलं, माझ्या रेणूंना धरून बसलेलं कॅल्शियमही हे ओढून घेईल. खोलीवरचं जुनं गढूळ पाणी मी फेकलं नव्हतं. मी काहीच फेकत नाही. सुट्टीच्या दिवशी, वडील पुन्हा आलेले असताना, त्यात ईडीटीए घातलं, तापवून निववलं आणि तडाखा सोडला.

रेघ चढली. आधी झटक्यात, मग रेंगाळत.

"बाबा, धरा!" पडद्यावर रेघ मिनिटभरच टिकायची. वडिलांनी दोन्ही हातांनी बटरपेपर दाबून धरला, मी गिरवली.

"गेली रं वर," ते म्हणाले. "आपल्या मिठानं काम केलान ना?"

"व्हय," मी म्हणालो.

सरांना मी ईडीटीएची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी कागद उजेडात धरून बघितला. "चांगला आहे. पण नोंदणी संपली." विद्यापीठाच्या कार्यालयात कळलं, मुदतवाढीचा अर्ज त्यांनी कधी केलाच नव्हता.

वर्षभरानं सरांचा शोधनिबंध छापून आला. विषय होता कॅल्शियमनं जखडलेली आवरणं ईडीटीएनं किती वेगानं सुटतात. त्यात त्यांचं नाव होतं, त्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं होतं. माझं आभारांतही नव्हतं.

मी तो निबंध धाटावच्या बसमध्ये वाचला. सकाळची पाळी होती. गेटवर कार्ड पंच केलं आणि आत गेलो.