बुधवारी वाळणारी बाकं

वेळेच्या पक्क्या घड्याळकाकूंनी शब्द दिला होता. शाळा सोमवारी उघडणार आणि आदल्या दिवशी नवी बाकं वर्गांत लागलेली असणार, असं त्या मुख्याध्यापिकाबाईंना फोनवर सांगून बसल्या होत्या. जुनी बाकं आधीच मोडीत गेलेली. वेळ चुकली, तर पोरं फरशीवर बसणार.

काकूंचं आयुष्य ही बाकं बनवणाऱ्या सुतारकामाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेलेलं. आता हिशेब कॉम्प्युटरवर आला. सुनेने त्यांना दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारा फॉर्म्युला शिकवला. काकूंनी उत्साहाने तारखा घातल्या आणि पडद्यावर उत्तर आलं. लागणाऱ्या दिवसांपेक्षा सहा दिवस कमी!

"बघा," मिस्त्री कानामागची पेन्सिल काढत म्हणाले, "मशीनसुद्धा नाही म्हणतंय. फोन करून टाका बाईंना."

"फोन करायचा तेव्हा करीन. तुम्ही रंधा चालवा."

घरी आल्या आल्या त्यांनी सुनेला गाठलं. "तुझ्या फॉर्म्युल्याला कोणी सांगितलं शनिवार-रविवार सुट्टी असते म्हणून?"

"कोणी नाही आई, ते त्याचं त्यालाच वाटतं."

"आमच्याकडे रविवारी करवत चालते. बंद फक्त बुधवारी."

सून हसली. "मग याचंच थोरलं भावंड वापरा. त्याला सुट्टीचा वार सांगता येतो."

थोरलं भावंड गुणी निघालं. बुधवार सांगताच चार दिवस पदरात पडले. दोन मात्र काही केल्या हटेनात. दुसऱ्या दिवशी काकू खुर्ची सोडून कारखान्यात हिंडल्या. एका कपाटाला सकाळीच पॉलिशचा शेवटचा हात दिला होता आणि सगळे कामगार हातावर हात धरून बसले होते.

"करवत का बंद?"

"ओल्या पॉलिशवर भुसा बसतो काकू," मिस्त्री म्हणाले. "पॉलिश लावलं की एक दिवस गेलाच म्हणायचा. बाकं दोन खेपांत होणार, म्हणजे दोन दिवस."

काकू जागीच थबकल्या.

"मिस्त्री, बुधवारी पॉलिश वाळतं की नाही?"

"वाळतं की. त्याला कुठली सुट्टी?"

"मग अर्धी बाकं एका मंगळवारी संध्याकाळी, उरलेली पुढच्या मंगळवारी. बुधवारी भुसा उडवायला इथे असतं कोण?"

मिस्त्रींनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "आजवर सकाळीच लावत आलो," ते पुटपुटले. मग पोरांकडे वळून ओरडले, "ऐकलंत ना? मंगळवारी घरी जायची घाई करायची नाही!"

काकूंनी शीटमध्ये वाळण्याचे ते दोन दिवस कामातून काढून टाकले. आकडे जुळले. तरी दुसऱ्या खेपेच्या मंगळवारी, बाकी सगळे हात धुऊन निघाले, तेव्हा शेवटच्या बाकावर पॉलिश फिरेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. गुरुवार-शुक्रवारी लोखंडी पाय बसले. रविवारी टेम्पो शाळेच्या फाटकात शिरला.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मला तर धास्तीच होती हो."

काकूंनी पहिल्या बाकावरून तळवा जोर देऊन फिरवला, उलटा करून पाहिला. स्वच्छ होता. मग पदर सावरून त्या त्याच बाकावर, विद्यार्थ्याच्या जागी, ऐसपैस बसल्या.